व्हय म्हाराजा कुणाला म्हटलं

ये गो बाय, अशी जवळ येऊन बस. आणि तो मोबाईल पालथा घाल आधी. मी फोनवर बोलत असते तेव्हा तू "हं, हं" करत पलीकडे दुसरंच काहीतरी वाचत असतेस, ते मला कळत नाही असं वाटतं तुला? पुन्हा वर म्हणतेस, "मावशी, ऐकत्ये ना मी." डोंबल ऐकत्येस. म्हणून या खेपेला बोललेच नाही, लिहायला बसले. कागद हातात असला म्हणजे निदान मान खाली घालून वाचशील तरी.

माझा राग तुझ्यावर नाही असं मी म्हणणार नाही. आहे. थोडा तुझ्यावरही आहे. नातीच्या परीक्षेआधी तू म्हणालीस, "दोन ओळी लिहून द्यायला सांग तिला. माफी तर मागायचीय, जीभ काय झिजणारेय? डिग्री महत्त्वाची." आणि मग ते दुसरं वाक्य, "मावशी, तुला नाही कळायचं, आता विद्यापीठं पूर्वीसारखी राहिली नाहीत." हे वाक्य ऐकून मी फोन ठेवला. रेंज गेली नव्हती, मीच ठेवला.

हे लिहिलेलं तुझ्याशिवाय आणखी कुणाच्या हातात पडलं तर त्यांनाही कळू दे, म्हणून सांगते. ही माझ्या बहिणीची मुलगी. बहिणीचं घर लांज्याच्याही आत, डोंगराच्या कुशीत. तिथून रत्नागिरीला रोज येऊन कॉलेज करणं शक्य नव्हतं, म्हणून ही माझ्याकडे राहिली. आमचं गाव खाडीच्या काठाला, सकाळची एसटी रत्नागिरीला वेळेवर पोचवायची. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढे भावंडं सांभाळायला घरी बसवली. तेव्हा हिची पुस्तकं घरात आली ती मला सणासारखी वाटली. ही जेवून पसरायची आणि मी हिचं समाजशास्त्र वाचत बसायची. अडलं की सकाळी चुलीपाशी विचारायची. ही म्हणायची, "मावशी, परीक्षा तुझी आहे की माझी?" आता ही मोठ्या शहरात, मोठ्या विद्यापीठात तेच शिकवते. सामाजिक चळवळी असा एक अख्खा पेपर आहे म्हणे तिचा.

पेपर आहे, आणि माझ्या नातीला सांगते माफी माग.

थांब, रागाच्या भरात मी पुढे पळत्ये. विद्यापीठ म्हणजे काय ते मला कळत नाही म्हणालीस ना, तर मला जे कळलंय ते आधी ऐक.

तू यायच्याही आधीची गोष्ट. तेव्हा विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं गावोगाव होत. कॉलेजातले प्राध्यापक एसटीनं यायचे, देवळाच्या सभामंडपात चटईवर बसून बोलायचे. कधी तारे, कधी कायदा, कधी मुलांचे आजार. आम्ही बायका खांबाच्या पलीकडे. मोहल्ल्यातली माझी मैत्रीणही यायची, ती पायरीवर बसायची, तिचा नवरा आखातात होता आणि ती म्हणायची, "घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं." त्यातले एक सर होते, बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत. विषय होता पाणी. आम्ही म्हटलं विहिरी, पंप, असलं काही सांगतील. सरांनी विचारलं, "तुमच्या गावात देवळामागच्या विहिरीवर कोण पाणी भरतं आणि कोण भरत नाही?"

झालं! पुरुष उठले. "सर, तुम्ही पाहुणे. पाण्यावर बोला, आमच्यावर नको." सर म्हणाले, "पाण्यावरच बोलतोय." कुणी म्हणालं, "यांना आता एसटीत बसवा." सर हलले नाहीत. त्या वेळचे आमचे गावकर, म्हणजे गावचे मानाचे पुढारी, त्यांच्याच घरी सरांची जेवणाची सोय होती. तिथे जेवताना वाद, हात धुताना वाद. गावकरांची बायको सांगायची, "त्येंनी सोलकढी तीनदा मागून घ्येतली आन् दर वाटीला एक प्रश्न इचारलानी." सर गेले ते भांडून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी त्याच एसटीतून तेच सर उतरले! हातात तीच पिशवी. आल्या आल्या गावकरांना म्हणाले, "मागच्या वर्षीचं अर्धं राहिलं होतं आपलं."

ती विहीर सगळ्यांना मोकळी व्हायला नंतर बरीच वर्षं गेली. सरांमुळे झाली असं मी म्हणणार नाही, ज्यांना पाणी मिळत नव्हतं ते स्वतः उभे राहिले तेव्हा झाली. पण माझ्या डोक्यात विद्यापीठ म्हटलं की ते सर येतात. भांडून जाणारा आणि पुढच्या वर्षी परत येणारा माणूस. बाय, माझी व्याख्या एवढीच आहे. तुझ्या पुस्तकात याहून चांगली असेल तर सांग.

आता आजचं.

आमच्या वरच्या सड्यावर मोठा कारखाना येणार असं चाललंय. सडा तू बघितलायस, नुसता काळा कातळ, पावसाळ्यात फुलं, बाकीचं वर्षभर गुरं आणि वारा. खालच्या वाड्यांना जे झरे आहेत ते त्याच सड्याच्या पोटातले. कारखाना हवा म्हणणारे आहेत, नको म्हणणारे आहेत. हवा म्हणणाऱ्यांना मी वेडं ठरवत नाही. ज्यांची पोरं मुंबईत एका खोलीत सहा जणांत झोपतात त्यांना दारात नोकरी हवीशी वाटणारच. माझाच मुलगा तिकडे गाडी चालवतो, मला नाही वाटत त्यानं परत यावं? पण गाव फाटलं ते फाटलंच. दोन सख्ख्या भावांनी गणपती वेगळे केले. ठरलेलं एक लग्न मोडलं. एसटीच्या थांब्यावर इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. अशा वेळी गावाला कुणाची गरज असते? दोन्हीकडच्यांना एका चटईवर बसवून अवघड प्रश्न विचारील अशा माणसाची. असा माणूस कुठे मिळायचा? मला वाटलं कॉलेजात मिळेल.

कॉलेज आता जवळ झालंय, चालत जाण्यासारखं. नाव मी लिहिणार नाही, नावानं काय होतंय. माझी नात तिथेच शेवटच्या वर्षाला, तुझाच विषय घेऊन. हौसेनं घेतलान, "आत्यासारखं शिकवणार मी" म्हणून. गावात सभा सुरू झाल्या तसं कॉलेजनं फळ्यावर लावलं की विद्यार्थ्यांनी अशा सभांना जाऊ नये, शैक्षणिक वातावरण बिघडतं. म्हणजे बघ हं, समाजशास्त्र शिकायचं, पण समाज जमला असेल तिकडे फिरकायचं नाही!

आणि मग त्याच कॉलेजनं संक्रांत झाल्यावर आम्हाला बोलावणं धाडलं. लोकसंवाद. विद्यापीठ आणि समाज यांचं नातं दृढ करायचं म्हणे. दारात हा एवढा फ्लेक्स. बसायला खुर्च्या, खुर्च्यांना पांढरी कापडं, कापडांना मागे गाठी. स्टेजवर प्राचार्य, एक-दोन मोठे अधिकारी आणि कारखान्याचे एक पाहुणे, कोट घालून. आम्हाला वाटलं आता विचारतील. नातीला माईक धरायला उभी केली होती, कार्यक्रमाचा अहवालही तिनंच लिहायचा होता, हुशार म्हणून.

सुरुवातीला सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आपली लोकसंस्कृती जपत आपण गाऱ्हाण्यानं आरंभ करू या." आमचे आत्ताचे गावकर पुढे बसले होते, त्या वेळच्या गावकरांचे चिरंजीव, तेही आता काठीला आलेत. त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. पण देवाला गाऱ्हाणं घाल म्हटल्यावर नाही म्हणायचं नसतं. उठले, टोपी सारखी केलीनी, हात जोडले. तिथे नारळ नाही, देव नाही, समोर फुलांची परडी आणि पाण्याच्या बाटल्या. त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरां ह्या इद्येच्या घरात जमलीत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"हय जां काय कानावर पडंल, त्यातलां बरां तां पदरात टाक, वायट तां दर्याच्या पल्याड न्हे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तुला माहीत आहे तो आवाज कसा येतो. विचार करून येत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेलं असतं. लग्न असो, घर बांधायचं असो, होडी पाण्यात लोटायची असो, म्हाराजा म्हटलं की पोटातून व्हय निघतं. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. दोन पक्षांत फाटलेलं गाव त्या एका शब्दापुरतं एक झालं होतं, आणि मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं होतं.

गावकर बसायच्या आत तो कोटवाला उठला. नातीच्या हातातला माईक घेतलान, हसला, आणि अगदी तोच हेल काढून म्हणाला, "ह्या सड्यावर विकास येऊ दे, पोरांच्या हाताला काम मिळू दे, म्हाराजा!"

आणि आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणालो. नको म्हणणारेही म्हणाले. मीही म्हणाले. तोंडातून गेल्यावर कळलं. शेजारी माझी मोहल्ल्यातली मैत्रीण बसली होती, ती गाऱ्हाण्याला व्हय म्हणत नाही, नुसती ऐकते. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाय गो, तू कोनाला व्हय म्हनलीस?" स्टेजवर टाळ्या चालू झाल्या होत्या. प्राचार्यही टाळ्या वाजवत होते. मग भाषणं झाली, प्रश्नांसाठी वेळ उरला नाही, आणि आम्हाला वडापाव देऊन घरी पाठवलं.

दोन दिवसांत तो तुकडा गावातल्या प्रत्येक मोबाईलवर. सुरुवातीचं गाऱ्हाणं कापलेलं. नुसता कोटवाला, आणि हात जोडून आम्ही. खाली लिहिलेलं, ग्रामस्थांची एकमुखी संमती.

नातीला कॉलेजात बोलावून सांगितलं, अहवालातही असंच लिहायचं आणि मोठे लोक परत येतील तेव्हा सभागृहात तो वाचायचा. घरी आली ती जेवली नाही. आईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय नाय, हस्ताक्षर सुधारायचंय." वाचायच्या दिवशी उभी राहिली आणि वाचलंन काय? तर गाऱ्हाणं म्हणजे काय, त्यात होकार कुणाला दिलेला असतो, आणि त्या दिवशी प्रकल्पावर गावाला एकही प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून संमती मिळाली किंवा नाकारली असं काहीच म्हणता येत नाही. एवढंच. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. बाय, तू शिकवतेस ना, माहिती कशी गोळा करावी म्हणून? ते केलंन तिनं.

त्याचं बक्षीस म्हणजे शिस्तभंग. पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी. लेखी माफी दे, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही.

घरात रडारड. मुंबईहून मुलगा ओरडला, "आई, तूच हिला डोक्यावर चढवलंस!" सून माझ्याशी बोलेना. पोरगी शांत. म्हणते कशी, "माफी मागते की. फक्त कुणाची आणि कशाबद्दल, ते त्यांनी आधी लिहून द्यावं." मला हसू आलं, आणि लगेच माझं आठवलं. माझी शाळा घरच्यांनी थांबवली होती. हिचं शिक्षण कॉलेजच थांबवत होतं.

मी प्राचार्यांकडे गेले. एकटीच गेले. माणूस वाईट वागला नाही हं. उठून उभे राहिले, "या आजी, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. नातीचं हॉल तिकीट द्या."

"तसं नसतं आजी. प्रक्रिया असते."

"गाऱ्हाण्याचीपण असते. ती पाळलीत?"

"तुम्ही सगळे व्हय म्हणालात. व्हिडिओ आहे."

"त्या व्हिडिओत आमचे जोडलेले हात दिसतात का? ते कुणाला जोडले होते? त्या कोटाला?"

ते जरा हसले. "आजी, मी याच जिल्ह्यातला. गाऱ्हाणं काय असतं ते मला ठाऊक नाही होय?"

बाय, तिथे माझं डोकं फिरलं. तो कोटवाला परका होता, त्याला वाटलं असेल ही एक गंमत आहे लोकांची. पण यांना ठाऊक होतं! यांच्या आईनं यांना कडेवर घेऊन व्हय म्हटलं असणार. ठाऊक असून टाळ्या वाजवल्या आणि ठाऊक असून संमती लिहायला लावली. मी म्हटलं, "न कळणाऱ्याला मी समजावून सांगितलं असतं. तुम्हाला काय सांगू?"

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून बोलायला लागले. अर्धे शिक्षक तासावर नेमलेले आहेत, कधीही घरी बसतील. नवी इमारत त्याच लोकांच्या मदतीतून उभी राहतेय. वरून फोन येतो. "मी नाही म्हटलं तर उद्या या खुर्चीत दुसरा बसेल, आजी."

"मग बसू दे की," मी म्हटलं. "तोही हेच करणार असेल तर तुमच्या असण्यानं माझ्या नातीला काय मिळालं?"

त्यांनी टेबलावरची काच पुसली. मला त्यांची दया यायला हवी होती, लिहिणाऱ्या माणसाला असं काहीतरी वाटतं म्हणतात. नाही आली. अजून येत नाही.

पण खरा घाव पुढेच बसला, आणि तो तुला फोनवर सांगितला नाही. शिमग्याला पालखी निघाली, सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, येऊन बसली. सगळं गाव जमलेलं, दोन्हीकडचं. मुंबईकर आलेले. गावकर उठले, हात जोडले, "बा देवा म्हाराजा, वर्साची पालखी तुज्या दारातसून भायेर काडली, म्हाराजा!"

आणि कुणी व्हय म्हटलं नाही.

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. कुठे मोबाईल वर धरलाय का, कोण काय कापून कुठे लावील. ढोलवाल्याच्या हातातली काठी तशीच राहिली. गावकर डोळे मिटून वाट बघत होते. मग डोळे उघडले त्यांनी. तो चेहरा मी कुठल्याच शब्दात लिहू शकत नाही, मला तेवढं येत नाही. शेवटी पाच-सात जणांचा फाटका आवाज आला, आणि पालखी उठली. घरी जाताना गावकर मला म्हणाले, "वैनी, फुडल्या वर्सापासना दुसऱ्याला सांगा. माजा शबुद आता बाटला."

आता मला सांग, हे कुठल्या शिस्तभंगात बसतं? माझ्या पोरीनं संस्थेची बदनामी केली म्हणतात. आणि त्यांनी एका अख्ख्या गावाचं तोंड शिवलं, त्याची माफी कुणी कुठल्या कागदावर लिहायची? कारखाना येईल न येईल. तो वाद आम्ही घातला असता, भांडलो असतो, एकमेकांचं तोंड बघितलं नसतं, पुन्हा बोललो असतो. पण एकत्र व्हय म्हणायची आमची एकच जागा होती, आणि ती ज्यांच्या हातून गेली ते शिकलेले लोक आहेत. तू म्हणतेस विद्यापीठं पूर्वीसारखी राहिली नाहीत. हवेनं बदलली काय गो ती? पावसानं? कुणीतरी प्रत्येक वेळी दोन ओळी लिहून दिल्या म्हणून बदलली. तूही दिल्या असशील, मी विचारत नाही. पण माझ्या घरातल्या पोरीला द्यायला सांगू नकोस.

तर ऐक, निकाल काय लागला तो. माफी दिली नाही. हॉल तिकीट मिळालं नाही. परीक्षा झाली, तिच्या मैत्रिणी समोरच्या रस्त्यानं गेल्या आणि ही पडवीत बसून बघत राहिली. तिचं वर्ष गेलं. त्या दिवशी मात्र रडली, मी नाही थांबवलं. आता ठरवलंय तिनं, घरी अभ्यास करून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पुढच्या खेपेला बसायचं. पुस्तकं आहेत, जिद्दही आहे. शिकवायला कुणी नाही. तिच्याबरोबर आणखी तिघी-चौघी यायला तयार आहेत, त्यातल्या दोघींच्या घरचे कारखाना हवा म्हणणारे आहेत. त्या पहिल्याच दिवशी आपसात कडाकडा भांडल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. मी नुसती चटई झाडून घातली.

मी त्यांना काय शिकवणार? माझं चौथीचं डोकं. तो विषय तुझ्या हाडीमाशी मुरलाय. चळवळी काय असतात ते त्यांना सांग, आणि तुझं मत माझ्या नातीहून वेगळं असेल तर तिच्या तोंडावर सांग, फोनवर नको. ती वाद घालील. घाल तूही. माफी मागायला हवी होती असं तुला अजून वाटत असेल तर तेही म्हण, तिला उत्तर देता येतं.

मे महिन्याची सुट्टी लागली की निघ. एसटी अजून थांब्यावर थांबते. माझ्या गुडघ्यांमुळे मला यायला होणार नाही, नाहीतर मीच तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसले असते. तेव्हा तूच ये, बाय. चार दिवसांसाठी नको येऊस, राहायला ये. आणि लवकर ये.